देणाऱ्याच्या शेजारी कोण बसते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचे वक्ते बोलावण्याचा आपला रिवाज आहे. यंदा कार्यकारिणीने ठरवले की सभासदांपैकीच एकीने बोलावे, आणि ती कामगिरी माझ्याकडे आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि विषय घेतला आहे तो अमेरिकेचा. तेव्हा हिला हे कुठून सुचले, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. त्याचा खुलासा आधी करते.

माझ्या थोरल्या नणंदेची मुलगी शिकागोला असते. श्रीमंत कुटुंबांना आपल्या संपत्तीतून दानधर्म कसा करावा याचा सल्ला देणाऱ्या एका कचेरीत ती नोकरीला आहे. हे प्रथम ऐकले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये म्हणतात, मग मध्ये हा तिसरा सल्लागार कशाला?" सासूबाईंचा प्रश्न खरा होता. दर रविवारी भाचीचा फोन येतो तेव्हा मी तो तिला विचारीत राहिले. गेले वर्षभर तिचे याच कामाचे वरच्या पायरीचे शिक्षण चालू आहे, त्यामुळे तिच्याकडून उत्तरेही मिळत गेली. आणि यंदा आपल्या मंडळापुढे शिष्यवृत्ती निधीचा प्रश्न आलेला आहे. म्हणून जे ऐकले, समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडावे असे वाटले.

दान सत्पात्री असावे असे आपल्याकडे वाडवडील सांगत आले. पण सत्पात्र कोण, हे ठरवायचे कोणी? देणाऱ्याची इच्छा चांगली असते. परंतु ज्याच्या घरात कधी अडचण आली नाही त्याला अडचणीचे स्वरूप कसे कळावे? इथेच सल्लागाराचे काम सुरू होते.

अमेरिकेत मोठ्या धनिकाला दान करायचे असले की पुष्कळ वाटा असतात. तो स्वतःचे प्रतिष्ठान काढू शकतो. अशा खाजगी प्रतिष्ठानाने दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या सुमारे पाच टक्के रक्कम धर्मादाय कामावर खर्च केली पाहिजे असा तिथला कायदा आहे. दुसरी वाट म्हणजे 'डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंड'. एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडे पैसे ठेवायचे, करातली सवलत त्याच वर्षी घ्यायची, आणि मग ते पैसे कोणाला द्यावेत हे सावकाश सुचवीत राहायचे. न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली या प्रकाराला सुरुवात झाली. यात दरवर्षी अमुक इतके वाटलेच पाहिजे असे कायद्याचे बंधन नाही. म्हणजे सवलत आज मिळते, पण गरजूच्या हाती पैसा कधी पडेल याचा नेम नाही. चांगला सल्लागार नुसती करबचत दाखवून थांबत नाही. "कोणाला, किती, कशासाठी आणि केव्हा?" हे चार प्रश्न तो देणाऱ्यापुढे ठेवतो. भाची म्हणते, "मामी, 'केव्हा' हा प्रश्न विचारायला सगळ्यांत जास्त धीर लागतो."

सल्ला चांगला असला म्हणजे काय होते याची एक हकीकत सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तिथल्या हॅटिसबर्ग गावी ओसिओला मॅकार्टी नावाची एक कृष्णवर्णीय बाई राहत असे. तिचा जन्म १९०८ चा. घरात मावशी आजारी पडली, तिच्या शुश्रूषेसाठी सहावीत असताना हिची शाळा सुटली. म्हणजे माझ्यापेक्षा एक इयत्ता कमीच! पुढे जन्मभर तिने लोकांचे कपडे धुतले. पाणी तापवायचे, कपडे उकळायचे, घासायचे, दोरीवर वाळत घालायचे आणि इस्त्री करायची. मध्यंतरी तिने कपडे धुण्याचे यंत्र आणून पाहिले, पण त्याची धुलाई तिच्या पसंतीस उतरेना, म्हणून पुन्हा हातानेच सुरू केले. लग्न केले नाही, मोटार घेतली नाही. जाईल तिथे पायी. थोडे थोडे करून बँकेत टाकत गेली. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी संधिवाताने हात चालेनात तेव्हा काम थांबवले.

आता या पैशाचे पुढे काय करायचे, असा प्रश्न निघाला. तेव्हा बँकेतल्या अधिकाऱ्याने तिच्यापुढे कायद्याची कागदपत्रे पसरली नाहीत. त्याने दहा सेंटची दहा नाणी मांडली आणि सांगितले की एकेक नाणे म्हणजे तुमच्या पैशाचा दहावा हिस्सा, तुम्हाला ज्याला जितके द्यावेसे वाटते तितके त्याच्यापुढे ठेवा. तिने एक नाणे आपल्या चर्चसाठी ठेवले. तिघा नातेवाइकांसाठी एकेक ठेवले. उरलेली सहा तिने गावच्या विद्यापीठासाठी ठेवली. गरीब विद्यार्थ्यांना, त्यातही कृष्णवर्णीय मुलामुलींना प्राधान्याने, शिष्यवृत्ती मिळावी ही तिची इच्छा. ही रक्कम सुमारे दीड लाख डॉलर होती. १९९५ साली ही गोष्ट जाहीर झाली तेव्हा सारा देश थक्क झाला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तिला पदक दिले आणि पुढच्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. ज्या विद्यापीठाला तिने दान केले, त्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १९६५ साली प्रथम प्रवेश दिला होता. तोवर तिच्यासारख्यांना ते दार बंद होते. १९९९ साली ती वारली.

भगिनींनो, या गोष्टीत त्या बाईचे मोठेपण तर आहेच. पण माझे लक्ष त्या दहा नाण्यांकडे जाते. सल्लागाराने बाईला अडाणी समजून निर्णय स्वतःच्या हाती घेतला नाही. तिला कळेल अशा रीतीने प्रश्न मांडला आणि उत्तर तिचे तिला देऊ दिले. हे साधे दिसते, पण ही विद्या आहे.

आता दुसरी गोष्ट. शिकागोला ज्यूलियस रोझेनवॉल्ड नावाचे मोठे व्यापारी होते. टपालाने माल पाठवणाऱ्या एका प्रचंड पेढीचे ते प्रमुख. १९११ साली त्यांची बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी भेट झाली. वॉशिंग्टन गुलामीत जन्मले होते, आणि अलाबामात टस्कीगी येथे त्यांनी मोठी शिक्षणसंस्था उभी केली होती. १९१२ साली रोझेनवॉल्ड यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त पंचवीस हजार डॉलर त्या संस्थेला दिले. वॉशिंग्टन यांनी त्यांतली काही रक्कम खेड्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी लहान शाळा बांधायला वापरू का, असे विचारले. परवानगी मिळाली आणि पहिल्या सहा शाळा उभ्या राहिल्या. वॉशिंग्टन १९१५ साली वारले, पण काम थांबले नाही. १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत जवळजवळ पाच हजार शाळा झाल्या. पैसा रोझेनवॉल्ड यांचा होता, पण कोणत्या खेड्यात मुले झाडाखाली बसतात हे वॉशिंग्टन यांना ठाऊक होते. देणाऱ्याच्या शेजारी जाणता माणूस बसला, म्हणून पैसा योग्य जागी पोचला.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर अर्धवट राहील. गावाने आपलाही वाटा उचलला पाहिजे अशी रोझेनवॉल्ड यांची अट होती. त्याप्रमाणे गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, लाकूड दिले, अंगमेहनत केली. त्यांनी उभी केलेली रक्कम सत्तेचाळीस लाख डॉलर, तर रोझेनवॉल्ड यांच्याकडून आलेली सुमारे त्रेचाळीस लाख. म्हणजे गरिबांनीच जास्त दिले! शिवाय हे लोक सरकारला कर भरतच होते आणि त्या कराच्या पैशातून गोऱ्यांच्या मुलांच्या शाळा अधिक चांगल्या चालत होत्या. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे. गावाचा वाटा असावा, म्हणजे शाळा गावाला आपली वाटते, हे खरे. पण किती वाटा न्याय्य आणि कुठे तो जुलूम होतो, हे ज्याच्या घरून वर्गणी गेली आहे तोच नेमके सांगू शकतो. म्हणून असा माणूस सल्ल्याच्या बैठकीत हवा.

असे लोक बैठकीत किती होते? १९७१ साली अमेरिकेतल्या प्रतिष्ठानांच्या वार्षिक परिषदेत पदाधिकाऱ्यांसाठी पुढे आलेली सगळी नावे गोऱ्यांची होती. तिथे असलेल्या मूठभर कृष्णवर्णीय मंडळींनी त्याला हरकत घेतली आणि त्याच वर्षी आपली स्वतंत्र संघटना काढली. तिचे नाव 'असोसिएशन ऑफ ब्लॅक फाउंडेशन एक्झिक्युटिव्ज'. पुढे १९८३ मध्ये लॅटिन अमेरिकन लोकांची आणि १९९० मध्ये आशियाई लोकांची अशा संघटना निघाल्या. गोरे सोडून या सर्वांना मिळून तिकडे 'पीपल ऑफ कलर' म्हणतात. कृष्णवर्णीय, मूळचे अमेरिकेतले आदिवासी, लॅटिन अमेरिकन, चिनी, जपानी आणि आपण भारतीयही त्यात आलो. आपल्या गल्लीतली जी मुले तिकडे गेली आहेत, तीही त्यांतच मोजली जातात.

पन्नास वर्षांनंतर स्थिती पालटली का? २०२० साली एकोइंग ग्रीन आणि ब्रिजस्पॅन या दोन संस्थांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. एकोइंग ग्रीनकडे आलेल्या उत्तम अर्जदारांच्या संस्था त्यांनी तपासल्या. कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या संस्थांचे उत्पन्न गोऱ्यांच्या तशाच संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी निघाले. आणि आपल्या मर्जीने वापरता येईल अशी शिल्लक तर ७६ टक्क्यांनी कमी. हा दुसरा आकडा मला फार बोलका वाटला. घर चालवणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. भाजीला मोजून पैसे मिळतात, पण डब्यात ठेवायला चार पैसे तिच्यावर विश्वासाने कोणी देत नाही, त्यातला हा प्रकार. पाहणीत कारणेही दिली आहेत. धनिकांशी ओळख नसणे आणि ओळख झाली तरी विश्वास न बसणे, ही त्यांतली मुख्य.

मग यावर उपाय काय? देणाऱ्याच्या शेजारी बसणारी माणसे निरनिराळ्या समाजांतून आली पाहिजेत, आणि ती शिकलेलीही असली पाहिजेत. या दुसऱ्या गोष्टीविषयी जरा सविस्तर सांगते.

भाचीच्या कचेरीत एकदा एका कुटुंबाने शिकागोच्या दक्षिण भागातल्या वस्तीसाठी रक्कम द्यायचे काढले. ती वस्ती बहुतेक कृष्णवर्णीयांची. बैठकीत सगळ्यांनी माना वळवून भाचीकडे पाहिले आणि विचारले, "तुमच्या लोकांना काय हवे असते?" कारण त्या खोलीत गोरी नसलेली ती एकटीच. तिने मला फोनवर हसत हसतच सांगितले, "मामी, मी साताऱ्याची. माझा जन्म अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा. मला त्या वस्तीतले काय ठाऊक?" पण तिने बैठकीत नुसते हसून सोडले नाही. "मला माहीत नाही, आपण तिथे जाऊन विचारू," असे तिने सांगितले. मग ती स्वतः गेली, तिथल्या बायकांच्या मंडळात बसली, आणि त्यांनी जे सांगितले ते कुटुंबापुढे ठेवले. कुटुंबाला नवीन इमारत बांधायची होती. वस्तीला मात्र असलेल्या पाळणाघराच्या बायकांचा पगार वेळेवर व्हायला हवा होता.

या गोष्टीवरून मी एक धडा घेतला. वर्ण जन्माने मिळतो, सल्ला देणे शिकावे लागते. सोसलेल्याला प्रश्न लवकर दिसतो हे खरे, पण प्रत्येकाने सगळेच सोसलेले नसते. म्हणून अनुभवाला शिक्षणाची जोड हवी.

हे वरच्या पायरीचे शिक्षण नव्याने कामाला लागलेल्यांसाठी नाही. वकील, हिशेबनीस, बँकेत विश्वस्त-खाते सांभाळणारे, प्रतिष्ठानांत अर्ज तपासणारे, अशा मुरलेल्या लोकांसाठी ते असते. तिकडे १९२७ साली स्थापन झालेले 'अमेरिकन कॉलेज ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेस' आहे. ते दानाच्या सल्लागारांसाठी तीन अभ्यासक्रमांची एक पदविका देते. तीत करांचे कायदे येतात. मृत्युपत्र, विश्वस्तनिधी आणि प्रतिष्ठान यांतला फरक येतो. नवराबायकोचे किंवा बापलेकाचे दानाविषयी मतभेद असले तर त्यांच्याशी कसे बोलावे, हेही येते. भाची तेच शिकते आहे. शिवाय आशियाई मंडळींच्या एका अभ्यासगटात ती महिन्यातून एकदा जाते. तिथे पुस्तकात नसलेल्या गोष्टी शिकायला मिळतात. वयाने आणि पैशाने मोठ्या गिऱ्हाइकाला "हे बरोबर नाही" असे मर्यादा न सोडता कसे सांगावे, आपल्या कामाची फी बिनसंकोच कशी सांगावी, एकटे पडल्यावर कोणाला विचारावे. जुन्या घराण्यांतल्या सल्लागारांना हे बापाकडून, मामाकडून आपोआप मिळते. ज्याच्या घराण्यात हा व्यवसाय नाही, त्याला तो मामा शोधावा लागतो. अशा वर्गांची खरी गरज इथे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, तोही सांगितला पाहिजे. वर्णावरून निराळे वर्ग काढणे हाच भेदभाव नव्हे काय? हा वाद तिकडे कोर्टातही गेला आहे. 'फिअरलेस फंड' नावाच्या एका संस्थेने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या धंद्यांना वीस हजार डॉलरची मदत देण्याची योजना काढली होती. तिच्यावर २०२३ साली दावा झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड होऊन ती योजना बंद झाली. तेव्हापासून अशा वर्गांच्या दारावर कोणती पाटी लावावी याची सर्वांनाच काळजी पडली आहे. भाचीचे म्हणणे मला पटते. ती म्हणते, "दार सगळ्यांना उघडे ठेवा, पण आत शिकवायचे ते बदलू नका. ज्याला दान मिळते त्याचे म्हणणे कसे ऐकावे, हे गोऱ्या सल्लागारानेही शिकायला हवेच ना?"

हे सगळे परक्या देशाचे झाले असे मात्र समजू नका. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सत्पुरुषांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले होते. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्याआधी मुंबईत कॉलेजात शिकत असतानाही महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपये दिले होते. महाराजांपर्यंत या विद्यार्थ्याचे नाव कसे पोचले? चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले होते. त्यांनी महाराजांकडे त्याच्यासाठी खटपट केली. केळुसकर गुरुजी पैशाने श्रीमंत नव्हते. पण देणारा आणि घेणारा या दोघांच्या मध्ये उभे राहून त्यांनी योग्य शब्द योग्य ठिकाणी टाकला. महाराजांचे दान आपण स्मरतो, तसे गुरुजींचे हे कामही स्मरले पाहिजे.

आता आपल्या मंडळाचे पाहू. आपल्या एका दिवंगत सभासद भगिनीच्या कुटुंबाने मुलींच्या शिक्षणासाठी मंडळाला रक्कम दिली आहे. तिच्या वाटपासाठी पाच जणींची समिती नेमायची आहे. सुचवलेली पाचही नावे मोठ्या आदराची आहेत. पण ज्या घरांतल्या मुलींना हे पैसे द्यायचे, त्या घरांतली एकही बाई त्यांत नाही. मागच्या सभेत हे निघाले तेव्हा "त्यांना हिशेबातले काय कळणार?" असा सूर निघाला होता. मला इतकेच विचारायचे आहे की फी भरायची तारीख आणि पगाराची तारीख यांत दहा दिवसांचे अंतर पडले म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी किती जणींना कळते? शाळा सुटते ती बहुधा त्या दहा दिवसांत. हा हिशेब त्यांनाच येतो.

म्हणून माझी सूचना अशी. समिती पाचाऐवजी सात जणींची करावी. वाढलेल्या दोन जागा आपल्याकडे धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या बायकांपैकी ज्यांच्या मुली शिकत आहेत अशांना द्याव्यात. मात्र त्यांना नुसते सतरंजीच्या टोकाला बसवून ठेवू नये. बँकेचे पासबुक, निधीचे नियम, अर्ज कसा वाचायचा, हे आपल्या खजिनदारबाईंनी सातही जणींना चार संध्याकाळी समजावून द्यावे. मलाही ते शिकायचे आहे. आणि सभा दुपारी न ठेवता त्यांचे काम आटोपल्यावर ठेवावी, नाही तर नाव समितीवर राहील आणि बाई दुसऱ्याच्या घरी भांडी घाशीत राहील.

ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. तिला विरोध असेल त्या भगिनींनी जरूर बोलावे, त्यांचेही ऐकून घेऊ. फक्त मत देण्यापूर्वी ती दहा नाणी एकदा डोळ्यांपुढे आणावीत आणि ती कोणाच्या हाताने मांडली गेली याचा विचार करावा, एवढीच विनंती.